सर्व्हर ‘नाही’ म्हणतो का, हे कोण तपासतं?

नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहिण्याच्या व्यवस्थेवर, काम करणाऱ्या टीममध्ये टेस्टिंगचा विषय निघाला की पाच-दहा मिनिटांत भांडण लायब्ररीवर येऊन ठेपतं. सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवून उत्तर तपासायला सुपरटेस्ट ही लायब्ररी ठेवायची, की नोडमध्येच आयतं मिळणारं फेच वापरायचं? टेस्ट चालवायला मोका, जेस्ट की व्हिटेस्ट? हाताने रिक्वेस्ट पाठवून पाहायच्या पोस्टमनमध्ये सगळ्या रिक्वेस्ट साठवलेल्या आहेत, मग त्याच पुन्हा कोडमध्ये कशाला लिहायच्या? ही फेरी संपली की टक्क्यांची सुरू होते: युनिट टेस्ट (एकेका सुट्या फंक्शनच्या) सत्तर, इंटिग्रेशन (तुकडे जोडून घेतलेल्या) वीस, एंड-टू-एंड (अख्ख्या यंत्रणेच्या) दहा. हा हिशेब गूगलच्या टेस्टिंगविषयीच्या एका लेखात २०१५ साली आला, तो ‘पहिला अंदाज’ म्हणून. स्लाइडमागून स्लाइडवर चढत तो आपल्याकडे पोचला, तोवर त्याचा नियम झाला होता. या सगळ्या वादात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही: या टेस्ट पास झाल्या, तर आपल्याला नेमकं काय कळलं?

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. वेब सर्व्हरची मुख्य तपासणी त्याच्या एचटीटीपी सीमेवर, म्हणजे बाहेरची रिक्वेस्ट जिथे आत येते तिथे, व्हायला हवी. खरी रिक्वेस्ट जावी, ती पत्ता पाहून वाट दाखवणाऱ्या खऱ्या राउटरमधून, वाटेत तपासण्या करणाऱ्या मिडलवेअरच्या खऱ्या साखळीतून, शक्यतो खऱ्या डेटाबेसपर्यंत पोचावी, आणि परत येणारा रिस्पॉन्स शब्दन् शब्द वाचला जावा. आणि अशा टेस्टपैकी निम्म्याहून अधिक टेस्ट सर्व्हरच्या नकाराच्या असाव्यात. लॉगिन न केलेल्याला, दुसऱ्याचा डेटा मागणाऱ्याला, फॉर्म अर्धवट भरून पाठवणाऱ्याला सर्व्हर काय म्हणतो? त्यासाठी सुपरटेस्ट वापरा, फेच वापरा, फास्टिफाय आणि हॅपी या फ्रेमवर्कमध्ये असलेली ‘इंजेक्ट’ची सोय वापरा. त्यावर एक अख्खी मीटिंग घालवण्याइतका हा प्रश्न मोठा नाही.

सुपरटेस्टचं श्रेय मात्र मान्य करायला हवं. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं, पुढच्या वर्षी टीजे होलोवायचुक यांचं एक्सप्रेस हे नोडवर वेब सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क आलं, आणि पाठोपाठ त्यांनीच मोका, सुपरएजंट आणि सुपरटेस्ट लिहिल्या. (२०१४ मध्ये ते नोड सोडून गो भाषेकडे वळले. लायब्ररी दुसऱ्यांच्या हाती गेल्या आणि अजून चालताहेत.) एक्सप्रेसचं अ‍ॅप म्हणजे मुळात रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स घेणारं एक फंक्शन. सुपरटेस्ट ते फंक्शन घेते, सर्व्हर आधीपासून चालू नसेल तर पोर्ट शून्य मागून तो उभा करते, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम जे मोकळं असेल ते पोर्ट देते, आणि मग रिक्वेस्ट पाठवून स्टेटस, हेडर, बॉडी तपासते. सर्व्हर वेगळ्या टर्मिनलमध्ये चालू करा, तीन हजार नंबरचं पोर्ट कोण अडवून बसलंय ते शोधा, ही सगळी कटकट गेली. अट एकच: अ‍ॅप तयार करणारी फाइल आणि ते पोर्टवर ऐकायला बसवणारी फाइल वेगळी हवी. हे काम फार तर अर्ध्या तासाचं आहे. तरी वर्षानुवर्षं चाललेल्या प्रोजेक्टमध्ये ते झालेलं नसतं, आणि ‘आमचा कोड टेस्ट करण्यासारखा नाही’ हे वाक्य मात्र दर तिमाहीला ऐकू येतं.

युनिट टेस्टचे कट्टर पुरस्कर्ते म्हणतील, हॅन्डलर, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड, हे फंक्शनच आहे ना? खोटी रिक्वेस्ट आणि खोटा रिस्पॉन्स देऊन ते थेट बोलवा. सर्व्हर मध्ये आणायची गरजच काय? गरज अशी की एक्सप्रेसच्या सर्व्हरमध्ये होणाऱ्या चुकांपैकी मोठा भाग हॅन्डलरच्या आत नसतोच. तो दोन तुकड्यांच्या मधल्या जोडात असतो. लॉगिन तपासणारं मिडलवेअर राउटच्या खाली जोडलं गेलं, तर दोन्ही फंक्शन आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर असतात आणि एंडपॉइंट, म्हणजे रिक्वेस्ट घेणारा तो पत्ता, साऱ्या जगाला उघडा असतो. जेसन वाचणारं मिडलवेअर राउटनंतर आलं, तर बॉडी मिळतच नाही. मॉकमध्ये, म्हणजे त्या खोट्या रिक्वेस्टमध्ये, मात्र ती आपणच हाताने भरलेली असते. असिंक हॅन्डलरमधून एरर फेकली, तर एक्सप्रेस ४ ती पकडत नाही: क्लायंट ताटकळत राहतो, आणि अलीकडच्या नोडमध्ये तर न पकडलेल्या त्या एररमुळे अख्खी प्रोसेस कोसळते. त्याच हॅन्डलरची युनिट टेस्ट मात्र ‘एरर फेकली जाते’ हे पाहून हिरवी होते. टेस्टच्या दृष्टीने जे यश, तेच वापरणाऱ्याच्या दृष्टीने बंद पडलेलं पान. एक्सप्रेस ५ ने हे दुरुस्त केलं, पण ते आलं २०२४ मध्ये.

याहून मजेदार उदाहरण एरर-हॅन्डलरचं आहे. एखादं मिडलवेअर एररसाठी आहे की साधं आहे, हे एक्सप्रेस त्या फंक्शनचे पॅरामीटर मोजून ठरवतं. चार असतील तर एररसाठी. आता त्यातला चौथा, ‘नेक्स्ट’, बहुतेक वेळा वापरात नसतो. कोडमधल्या खटकणाऱ्या गोष्टी दाखवणारा लिंटर पिवळी रेघ मारतो, कुणीतरी स्वच्छतेच्या भरात तो काढून टाकतो, आणि त्या क्षणापासून ते फंक्शन एरर-हॅन्डलर राहत नाही. एरर एक्सप्रेसच्या मूळ हॅन्डलरकडे जाते आणि एनव्हायरन्मेंट प्रॉडक्शनवर ठेवलेलं नसेल, तर फाइलींच्या पत्त्यांसकट सगळा स्टॅक ट्रेस ब्राउझरमध्ये उमटतो. फंक्शनची युनिट टेस्ट? ती अजूनही पास होते, कारण फंक्शन सुटं बोलावलं तर त्यात काहीच बिघडलेलं नाही. सीमेवरची एक टेस्ट, ‘मुद्दाम एरर घडव आणि बॉडीत स्टॅक नाही हे बघ’, ही चूक त्याच दिवशी पकडते.

आणि मराठीत काम करणाऱ्यांना तर सीमेवरच्या टेस्टची गरज जास्तच आहे. ‘नमस्कार’ हा शब्द जावास्क्रिप्टच्या लेखी सात लांबीचा आहे. यूटीएफ-८ मध्ये तो एकवीस बाइटचा. एखाद्याने कन्टेन्ट-लेंग्थ हेडर स्वतः लिहायचं ठरवलं आणि त्यात स्ट्रिंगची लांबी टाकली, तर क्लायंट सात बाइट वाचून थांबतो: ‘न’, ‘म’ आणि एका अक्षराचा तुकडा. इंग्रजी मजकुरात लांबी आणि बाइट सारखेच, म्हणून तिथे हा बग कधी दिसतच नाही. यूआरएलमधल्या नावांचंही तसंच. एक्सप्रेस पाथमधले पॅरामीटर स्वतःच डीकोड करून देतं. ते माहीत नसलेला माणूस पुन्हा एकदा डीकोड करतो आणि ‘शिंदे’, ‘कराड’ यांच्यावर सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस कुणीतरी ‘५०% सूट’ नावाचं कूपन बनवतं, आणि टक्क्याच्या चिन्हावर ते दुसरं डीकोडिंग कोसळतं. मॉक रिक्वेस्टमध्ये तो पॅरामीटर आपल्याला वाटेल त्या रूपात आपणच भरतो. म्हणजे टेस्टमध्ये आपण आपलाच समज आपल्याला परत ऐकवत असतो.

हे सगळं वेब डेव्हलपरांच्या किरकोळ तक्रारींसारखं वाटत असेल, तर ४ जून १९९६ आठवा. फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपच्या एरियन ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण झालं आणि चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट फुटलं. चार ‘क्लस्टर’ उपग्रह त्याबरोबर गेले. गोष्ट सांगितली जाते ती अशी: ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. हे खरं, पण अपुरं आहे. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ कडून जसंच्या तसं उचललेलं होतं, आणि एरियन ४ च्या मार्गावर ते बिनचूक चालत आलं होतं. ज्या हिशेबात ती संख्या ओसंडली, त्याचा एरियन ५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यात तेच सॉफ्टवेअर असल्याने तीही त्याच कारणाने, किंचित आधीच, बंद पडली. जाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने नोंदवलेली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब वेगळीच आहे. जमिनीवरच्या सिम्युलेशनमध्ये खरी यंत्रणा जोडलेलीच नव्हती. तिच्या जागी तिची नक्कल करणारं सॉफ्टवेअर होतं. आपल्या भाषेत, मॉक. का? तर ती यंत्रणा सुटी तपासून आधीच पास झाली होती. नव्या रॉकेटचा मार्ग त्या खऱ्या यंत्रणेला एकदा जरी भरवला असता, तरी संख्या जमिनीवरच ओसंडली असती.

१९९९ च्या सप्टेंबरात मंगळाजवळ हरवलेल्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’चीही जातकुळी तीच. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होती. कोणतं एकक वापरायचं हे कागदावर लिहिलेलं होतं. एंडपॉइंटची माहिती लिहायचं स्वॅगरचं पान नीट भरलं आहे म्हणून एंडपॉइंट नीट आहे असं मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता दुसऱ्या बाजूचं. तिच्याकडे खरोखर वजनदार मुद्दे आहेत आणि ते उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिला आणि सर्वांत जड मुद्दा प्रोग्रामर जे. बी. रेन्सबर्गर २००९ पासून मांडत आले आहेत. सगळे थर जोडून टेस्ट करायच्या ठरवल्या, तर शक्यतांचा गुणाकार होतो. तीन थर, प्रत्येकात पाच वाटा, म्हणजे सव्वाशे प्रकार. सगळे लिहिणं अशक्य, म्हणून आपण दहा-वीस लिहितो आणि सगळं झाकलं गेल्याच्या भ्रमात राहतो. शिवाय बिघाड झाला की हाती येतो तो नुसता ‘५००’, म्हणजे ‘सर्व्हरमध्ये काहीतरी बिघडलं’. नेमकं कुठे दुखतंय ते कळत नाही. हा हिशेब चुकीचा नाही. पण तो गृहीत धरतो की प्रत्येक थरात सारखाच विचार भरलेला आहे. सर्वसाधारण वेब सर्व्हरमध्ये तसं असतं का? दहापैकी आठ हॅन्डलर डेटाबेसमधून काहीतरी काढतात, थोडं नीटनेटकं करतात आणि देतात. त्यांच्यात सुटं काढून तपासावं असं डोकं फारसं नसतंच. ज्या दोनांत असतं, म्हणजे जीएसटीचं गणित, थकबाकीवरचं व्याज, तारखांचा घोळ, ते वेगळ्या शुद्ध फंक्शनमध्ये काढा आणि त्याच्या शंभर युनिट टेस्ट लिहा. माझा त्याला काडीचाही विरोध नाही. विरोध आहे तो रिपॉझिटरी, सर्व्हिस, कंट्रोलर असे तीन थर रचून प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना मॉक लावण्याला. तिथे टेस्ट कोडची दुसरी प्रत होते. एका फंक्शनचं नाव बदललं की चाळीस टेस्ट लाल होतात, आणि खरा बग आला की एकही होत नाही.

दुसरा मुद्दा पिरॅमिडचा. ‘खाली युनिट भरपूर, वर बाकीच्या थोड्या’ हे चित्र माइक कोह्न यांनी २००९ मध्ये लोकप्रिय केलं, आणि एंडपॉइंट टेस्टच्या विरोधात ते आजही पुढे केलं जातं. गंमत अशी की त्या पिरॅमिडच्या मधल्या थराचं नावच ‘सर्व्हिस’ आहे: स्क्रीन बाजूला ठेवून, थेट सर्व्हिसला विचारून केलेली तपासणी. आणि या थराचा लोकांना विसर पडला आहे, अशी तक्रार खुद्द कोह्न यांनीच त्याच वर्षी केली होती. म्हणजे ज्यांच्या नावाने आपल्याला अडवलं जातं, ते आपल्याच बाजूने बोलताहेत. शिवाय ते चित्र ज्या काळात आलं, तेव्हा ‘वरच्या’ टेस्ट म्हणजे ब्राउझर उघडून बटणं दाबणाऱ्या, कधी चालणाऱ्या कधी न चालणाऱ्या टेस्ट. एकाच प्रोसेसमध्ये जाऊन काही मिलिसेकंदांत परत येणाऱ्या रिक्वेस्टला तोच निकष का लावायचा? पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, रूबी ऑन रेल्सचे जनक डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांनी टीडीडीच्या, म्हणजे ‘आधी टेस्ट, मग कोड’ या पद्धतीच्या, मृत्यूची घोषणा केली, तेव्हा त्यांचा मुख्य राग मॉकसाठी वाकवलेल्या डिझाइनवर होता. त्यावर टीडीडी रुजवणारे केंट बेक आणि सॉफ्टवेअर-लेखक मार्टिन फाउलर त्यांच्याशी जाहीरपणे बोलायला बसले आणि भांडणाऐवजी तासन्‌तास शांत चर्चा झाली. आपण त्या चर्चेतली घोषणा तेवढी उचलली.

वेगाचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. डेटाबेस आला की टेस्ट मंदावतात. त्यावर उपाय माहीत असलेले आहेत: कन्टेनरमध्ये पोस्टग्रेस, प्रत्येक टेस्ट एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये आणि शेवटी रोलबॅक, पासवर्ड हॅशिंगचा खर्च टेस्टपुरता कमी. पोस्टग्रेसऐवजी मेमरीतलं एसक्यूलाइट वापरून वेळ वाचवण्याची युक्ती मात्र करू नये. एसक्यूलाइटचं ‘लाइक’ इंग्रजी अक्षरांत लहान-मोठा भेद करत नाही, पोस्टग्रेसचं करतं. एसक्यूलाइट अंकाच्या रकान्यात मजकूरही मुकाट ठेवून घेतं. तो डेटाबेसचा मॉकच झाला, फक्त नाव वेगळं. आणि सगळ्या तरतुदी करूनही पाच मिनिटं लागत असतील, तर लागू देत.

इथवर आपण टेस्ट कुठे घ्यायची यावर बोललो. काय विचारायचं, हा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, आणि याबद्दलच वाद होत नाही.

कुठल्याही प्रोजेक्टच्या एंडपॉइंट टेस्ट उघडून पाहा. बहुतेकांचा आशय एकच: योग्य माणसाने योग्य गोष्ट मागितली, २०० (म्हणजे ‘ठीक आहे’) आलं, छान. होकारच होकार. आता वेब सर्व्हरवर मोठे घात कशामुळे झाले ते पाहू. मार्च २०१७ मध्ये भारतातल्या मॅकडिलिव्हरी अ‍ॅपमधून बावीस लाखांहून अधिक ग्राहकांची नावं, ईमेल, फोन नंबर, पत्ते उघडे पडल्याचं ‘फॉलिबल’ या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं. एंडपॉइंटला लॉगिन लागत नव्हतं आणि ग्राहक क्रमांक ओळीने होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या, मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा देणाऱ्या कंपनीचे ८८ कोटींहून अधिक दस्तऐवज, बँक खात्यांच्या तपशिलांसह, लिंकमधला आकडा बदलला की कुणालाही दिसत होते. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टसच्या नव्वद लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती गेली. तिथल्या नियामक संस्थेच्या न्यायालयातल्या दाव्यानुसार, प्रवेश तपासणारा कोड २०१८ मधल्या एका चुकीने निकामी झाला होता; २०२१ मध्ये ती चूक मुख्य डोमेनवर दुरुस्त झाली आणि दुसऱ्या डोमेनवर तशीच राहिली. यातल्या एकाही ठिकाणी कुणी असामान्य बुद्धीचा हॅकर लागला नाही. ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या संस्थेने केलेल्या एपीआय (म्हणजे अशा एंडपॉइंटच्या) धोक्यांच्या यादीत २०१९ मध्येही आणि २०२३ मध्येही पहिला क्रमांक याच प्रकाराचा आहे: ‘ही वस्तू या माणसाची आहे का?’ हे सर्व्हरने विचारलंच नाही.

हा बग होकाराच्या टेस्टला कधीच सापडत नाही, कारण होकाराच्या बाबतीत सर्व्हर बिनचूक वागत असतो. आपल्या हाउसिंग सोसायट्यांसाठी मेन्टेनन्स बिलाची अ‍ॅप बनवणाऱ्या टीमचं उदाहरण घेऊ. ‘सभासद स्वतःचं बिल पाहू शकतो’ ही टेस्ट सगळे लिहितात. ‘तीनशे दोनचा सभासद स्वतःच्या टोकनने (लॉगिननंतर मिळालेल्या ओळखखुणेने) चारशे एकचं बिल मागतो’ ही टेस्ट लिहायला सुपरटेस्टमध्ये आणखी चार ओळी लागतात: दुसरा सभासद बनवा, त्याचं टोकन लावा, पहिल्याचं बिल मागा, नकाराची अपेक्षा करा. या चार ओळी लिहिताना एक निर्णयही घ्यावा लागतो. नकार म्हणजे ४०३ (‘परवानगी नाही’) की ४०४ (‘असं काही नाहीच’)? गिटहब परक्याच्या खासगी रेपॉझिटरीसाठी ४०४ देतं, म्हणजे ती अस्तित्वात आहे हेही सांगत नाही. तुमचा सर्व्हर काय सांगणार? हा प्रश्न टेस्ट लिहायला बसेपर्यंत कुणाच्या मनातही आलेला नसतो. आणि स्टेटस तपासून थांबू नका. ४०३ देऊन बॉडीत बिल तसंच जाऊ देणारे हॅन्डलर असतात. ‘रिटर्न’ राहून गेलं की लिहिणं-पुसणं पुढे चालूच राहतं, म्हणून नकारानंतर डेटाबेसमध्ये काही बदललं नाही ना, हेही पाहायला हवं.

‘हे काम सिक्युरिटी टीमचं आहे, वर्षातून एकदा पेन टेस्ट होतेच,’ असा यावर ठरलेला प्रतिवाद असतो. (पेन टेस्ट म्हणजे हल्लेखोरासारखं आत शिरून पाहणं.) फर्स्ट अमेरिकनमध्येही पेन टेस्ट झाली होती. न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकाने नोंदवल्याप्रमाणे, डिसेंबर २०१८ च्या त्या तपासणीत हे भगदाड सापडलंही होतं, आणि पुढे महिनोन्‌महिने ते बुजवलं गेलं नाही. अहवाल फोल्डरमध्ये बसून राहू शकतो. नवा कोड मुख्य कोडमध्ये मर्ज होणं अडवून धरणारी लाल टेस्ट सहसा तशी बसून राहत नाही. ऑप्टसचंही तेच: एका ठिकाणी दुरुस्ती करताना नकाराची टेस्ट लिहिली असती आणि ती दोन्ही डोमेनवर चालवली असती, तर दुसरीकडचं भोक त्याच दिवशी दिसलं असतं.

लायब्ररीचा आक्षेप थोडक्यात उरकतो. मार्च २०१६ मध्ये अकरा ओळींचं लेफ्ट-पॅड हे पॅकेज एनपीएम या नोडच्या पॅकेज-भांडारातून काढून घेतलं गेलं आणि जगभरचे बिल्ड अडकले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’ या पॅकेजांत काही तासांसाठी दुष्ट कोड घुसला. सुपरटेस्टच्या पोटातली सुपरएजंट त्याच ‘डीबग’वर अवलंबून आहे. त्यामुळे ‘नोडमध्ये फेच आहे, टेस्ट रनरही आहे, मग आणखी पॅकेज कशाला?’ असं म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. नवा प्रोजेक्ट असेल तर तसंच करा. सुपरटेस्टचा एक सापळाही सांगून ठेवतो: ‘अवेट’ विसरलात, तर टेस्ट काहीही न तपासता हिरवी होते. पण जुन्या प्रोजेक्टमधल्या तीनशे सुपरटेस्ट पुसून त्या फेचमध्ये पुन्हा लिहिण्यात एक स्प्रिंट घालवणाऱ्या टीमला मी विचारेन की त्यात नवा नकार किती तपासला गेला. पोस्टमनचंही असंच. बंगळुरूत घडलेलं ते एक उत्तम साधन आहे, हाताने चाचपायला आजही त्याला तोड नाही, आणि न्यूमन या जोडसाधनामुळे त्याच्या कलेक्शन (साठवलेल्या रिक्वेस्टचे संच) सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत, चालवताही येतात. अडचण एवढीच की मी पाहिलेल्या बऱ्याच टीममध्ये ती कलेक्शन एकाच टेस्टरच्या लॅपटॉपवर असते, आणि कोड बदलणाऱ्याला ती दिसतच नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवतो. एकाच प्रोसेसमध्ये चालणारी टेस्ट म्हणजे प्रॉडक्शन नव्हे. मध्ये एनजिन्क्स आहे, टीएलएस आहे, लोड बॅलन्सर आहे, डिप्लॉयची स्क्रिप्ट आहे. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नाही. जुन्या, मेलेल्या कोडचा फ्लॅग (तो चालू-बंद करणारी खूण) नव्या कामासाठी वापरला होता, त्या सर्व्हरवर तो मेलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. सुपरटेस्टच्या हजार टेस्टनीही ते थांबलं नसतं. त्यासाठी डिप्लॉयनंतर प्रत्येक सर्व्हरला चार प्रश्न विचारणारी वेगळी तपासणी लागते. पण त्या चार प्रश्नांतही निदान एक नकाराचा असावा, हे ऑप्टसच्या दुसऱ्या डोमेनवरून कळायला हरकत नाही.

राहता राहिलं कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये कोडच्या किती टक्के ओळी चालल्या याचा आकडा, आणि त्याच्याबरोबर आलेली नवी सोय. आपल्या सेवा-कंपन्यांच्या कंत्राटांत ‘८० टक्के कव्हरेज’ ही ओळ असते, आणि ती पुरी करायची जबाबदारी सर्वांत नवख्या पोरांवर पडते. आता ते काम एआयला दिलं जातं, आणि संध्याकाळपर्यंत आकडा गाठला जातो. कव्हरेज फक्त लिहिलेल्या ओळी मोजतं. मालकी तपासणारी ओळ लिहिलीच नसेल, तर ती न झाकल्याचं कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाही. शंभर टक्के कव्हरेज आणि उघडा एंडपॉइंट सुखाने एकत्र नांदतात. आणि हॅन्डलर वाचून टेस्ट लिहिणारा, माणूस असो की मशीन, हॅन्डलर जे करतो तेच बरोबर धरून चालतो. तीनशे दोनला चारशे एकचं बिल मिळत असेल, तर तो २०० ची टेस्ट लिहून मोकळा होईल. एआयला नकाराच्या टेस्ट लिहिता येतात, चांगल्या येतात. पण कुणाला काय नाकारायचं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

ते सांगण्यासाठी एक साधा तक्ता पुरतो. आडव्या ओळींत एंडपॉइंट, उभ्या रकान्यांत माणसं: लॉगिन न केलेला, सभासद, भाडेकरू, खजिनदार, सचिव, ऑडिटर, शेजारच्या सोसायटीचा सचिव. प्रत्येक चौकोनात हो किंवा नाही. तो भरायला बसलं की अर्धे चौकोन पटापट भरतात आणि मग माणसं अडतात. भाडेकरूला मालकाची थकबाकी दिसावी का? ऑडिटरला सभासदांचे फोन नंबर कशाला हवेत? आणि वार्षिक सभेत कमिटी बदलली, जुन्या खजिनदाराच्या मोबाइलमध्ये तीस दिवसांचं टोकन अजून जिवंत आहे, त्या टोकनातच ‘खजिनदार’ असं लिहिलेलं आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांचे हिशेब मागितले, तर सर्व्हर काय म्हणणार? आज बहुतेक सर्व्हर २०० म्हणतील. काय म्हणायला हवं, ते सोसायटीला विचारून तक्त्यात भरावं लागेल, आणि त्याची टेस्ट चार ओळींची आहे.